वेगात उजवीकडे, संथ झाले की डावीकडे : पिळलेल्या पंखाचे एक प्रकरण

अमळनेर तालुक्यातील एका बरड माळावर उडवले जाणारे, घरी बांधलेले, रेडिओने चालवायचे, बाल्सा या हलक्या लाकडाचे एक ट्रेनर (शिकणाऱ्यासाठीचे) मॉडेल विमान गेल्या उन्हाळ्यात दोनदा पडले. दोन्ही वेळा त्याचा डावा पंख अचानक खाली गेला आणि दोन्ही वेळा चालवणाऱ्याने तो सावरण्यासाठी ट्रान्समीटरची काठी उजवीकडे दिल्यावर विमान सावरण्याऐवजी आणखीच डावीकडे वळून जमिनीवर आदळले. हेच विमान हिवाळ्यात अत्यंत शहाण्यासारखे उडत होते. शिवाय अपघातांच्या आधीच्या उड्डाणांत त्याची ओढ डावीकडे नव्हे, तर उजवीकडे होती. या विसंगतीमुळेच हे प्रकरण सविस्तर नोंदवावेसे वाटले, कारण पंखातला दोष ट्रिममागे (हात सोडल्यावरही विमान सरळ उडावे म्हणून ट्रान्समीटरच्या बटणाने दिलेल्या कायमच्या भरपाईमागे) कसा दडून बसतो आणि खानदेशचा उन्हाळा तो दोष कसा निर्माण करू शकतो, हे दोन्ही त्यातून स्पष्ट दिसते.

विमान आणि त्याची बांधणी

विमानाचा मालक यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे. शिक्षण जळगावला आणि घर अमळनेरला, त्यामुळे बांधणीचे बरेचसे काम त्याने दिवाळीच्या सुट्टीत घरीच केले. पूर्ण आकारात छापलेला आराखडा सपाट फळीवर पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचे आणि त्यावर टाचण्या लावून रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या), स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा कणा) आणि कडा जोडायच्या, या जुन्या आणि भरवशाच्या पद्धतीने त्याने पंख बांधला होता. पंखाचा विस्तार १५०० मिलिमीटर, रुंदी मुळापासून टोकापर्यंत सारखीच २३० मिलिमीटर आणि बॅटरीसह उड्डाणाचे वजन १४०० ग्रॅम होते. म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर सुमारे ४० ग्रॅम भार येत होता, जो शिकणाऱ्याच्या विमानासाठी अगदी योग्य आहे. ३ सेलची २२०० मिलिअँपिअर-अवर लायपो बॅटरी, ब्रशलेस मोटर आणि १० बाय ५ इंचाचा प्रॉप (प्रोपेलर) अशी जोडणी होती.

पंखाचा छेद क्लार्क वाय या प्रसिद्ध आकाराचा होता. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ साली आखलेला हा आकार आजही ट्रेनर विमानांत सर्रास दिसतो. त्याचे एक कारण वायुगतिकीचे असले, तरी दुसरे कारण निव्वळ सुताराच्या सोयीचे आहे. पुढच्या कडेपासून साधारण ३० टक्के अंतरानंतर या छेदाचा तळ सपाट असतो, त्यामुळे पंख सपाट पृष्ठभागावर ठेवून बांधता येतो आणि पुढे कधीही त्याच पृष्ठभागावर ठेवून तपासताही येतो. या प्रकरणात हा गुण फार उपयोगी पडला.

पंखाचा सांगाडा उघडा होता. २ मिलिमीटर बाल्साच्या रिब, वर आणि खाली पाइनच्या एकेका पट्टीचा स्पार, बाल्साची पुढची कड आणि मागची कड, एवढाच तो सांगाडा होता. पुढची कड आणि स्पार यांच्यामधला भाग पातळ बाल्साने मढवलेला नव्हता आणि दोन स्पारच्या मधले उभे जाळेही फक्त मधल्या जोडापुरतेच भरलेले होते. वजन वाचवण्यासाठी असे करणे गैर नाही. मात्र अशा पंखाला वाकण्याविरुद्ध स्पार धरून ठेवतो आणि पिळण्याविरुद्ध जवळजवळ सगळा आधार सांगाड्यावर चढवलेल्या प्लास्टिक फिल्मचा असतो, हे बांधणाऱ्याने सतत ध्यानात ठेवले पाहिजे. एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखाचे हलते भाग, मागच्या कडेच्या जवळजवळ संपूर्ण लांबीवर पसरलेल्या अरुंद पट्टीचे होते.

कव्हरिंगसाठी इस्त्रीने चिकटणारी आणि त्याहून जास्त उष्णता दिल्यावर आकसून ताणली जाणारी प्लास्टिक फिल्म वापरली होती. हवेत विमानाची कोणती बाजू आपल्याकडे आहे हे चटकन कळावे म्हणून मालकाने डाव्या पंखाचा वरचा भाग गडद निळा आणि उजव्या पंखाचा वरचा भाग पिवळा ठेवला. खालून दोन्ही पंख पांढरे होते. रंगांची ही निवड दिसायला सुंदर होती आणि तिच्यामागचा हेतूही रास्त होता. तिचा परिणाम मात्र पुढे पाहावा लागला.

उडवण्याच्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत केवळ छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांचाही विचार केलेला आहे. अधिकृत नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेल्या क्षेत्रात उंचीची मर्यादा १२० मीटर आहे, तर चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. जळगावचा विमानतळ आणि धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी या दोन्ही ठिकाणांपासून अमळनेर पुरेसे लांब आहे, तरीही मालकाने अधिकृत नकाशा पाहूनच माळ निवडला होता. हे त्याने आपणहून केले होते, याचे मला विशेष समाधान वाटले.

घटनाक्रम

जानेवारी आणि फेब्रुवारीत विमान ट्रिमशिवाय सरळ उडत होते. एप्रिलच्या अखेरीस, परीक्षेच्या धामधुमीतून मोकळा झाल्यावर मालकाने ते पुन्हा बाहेर काढले, तेव्हा हात सोडताच ते हळूहळू उजवीकडे कलू लागले. त्याने एलेरॉनला डावीकडे चार-पाच टप्पे ट्रिम दिला, विमान सरळ झाले आणि त्याला वाटले की हिवाळ्यानंतर एखादी कडी थोडी सरकली असेल. असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण ट्रिमचे बटण नेमके त्याचसाठी दिलेले असते.

पहिला अपघात मे महिन्यातील एका संध्याकाळी उतरताना झाला. खानदेशात त्या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाहतो आणि सायंकाळी पाच वाजताही पारा चाळिशीच्या खाली येत नाही. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर विमान संथ झाले, नाक थोडे वर होते आणि तेवढ्यात डावा पंख खाली गेला. मालकाने काठी उजवीकडे दिली. विमान अर्धी गिरकी घेऊन शेजारच्या नांगरलेल्या शेतातल्या ढेकळांवर आदळले. डाव्या पंखाचे टोक आणि नाकातला बॅटरीचा ट्रे मोडला.

दुरुस्तीनंतरचा दुसरा अपघात उड्डाण घेताना झाला. विमान जमीन सोडून थोडे जास्तच उभे चढू लागले आणि दुमजली घराच्या उंचीवर असताना पुन्हा डावा पंख कोसळला. बांधावर शेळ्या चारणारे एक वयस्क गृहस्थ दोन्ही वेळा तेथे हजर होते. त्यांनी आपल्या अहिराणीत सांगितले, “डावा आंगेच पडनं भो.” पडण्याच्या आधी विमान जागच्या जागी थांबल्यासारखे वाटले, हेही त्यांनीच सांगितले. ही साक्ष मोलाची होती, कारण ट्रान्समीटर हातात असलेल्या माणसाला त्या क्षणी स्वतःच्या बोटांपलीकडे फारसे काही आठवत नाही.

यानंतर मालक विमान घेऊन माझ्याकडे आला.

मांडली गेलेली तीन कारणे

मित्रमंडळींत चर्चा होऊन तीन कारणे पुढे आली होती. तिन्हींत तथ्य होते आणि तरीही तिन्ही अपुरी होती, म्हणून ती कोणत्या क्रमाने बाजूला सारली ते सांगणे आवश्यक आहे.

पहिले कारण मोटरच्या टॉर्कचे होते. मागून पाहिले असता प्रॉप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहते. पूर्ण थ्रॉटलवर (मोटरच्या पूर्ण जोरावर), कमी वेगात, नाक वर असताना हा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो. त्यावर उपाय म्हणून मालकाने मोटरच्या माउंटखाली डाव्या बाजूला वॉशर घालून मोटरचे तोंड किंचित उजवीकडे वळवले होते. उड्डाण घेतानाच्या अपघाताला हे स्पष्टीकरण काही प्रमाणात लागू पडते. पण उतरताना थ्रॉटल जवळजवळ बंद असते आणि पहिला अपघात उतरतानाच झाला होता. जे कारण त्या वेळी हजरच नव्हते, ते त्या अपघाताचे मूळ असू शकत नाही.

दुसरे कारण डावा पंख जड असल्याचे होते. प्रॉपच्या शाफ्टला आणि शेपटीला दोरा बांधून विमान अधांतरी टांगले, तेव्हा डावे टोक खरोखरच खाली झुकले आणि उजव्या टोकाला काही ग्रॅम वजन लावल्यावर समतोल साधला. परंतु हे वजन दुरुस्तीतल्या गोंदाचे आणि नव्या लाकडाचे होते. पहिल्या अपघाताच्या वेळी ते नव्हतेच. याहून महत्त्वाचे म्हणजे डावा पंख जड असता तर विमान सरळ ठेवण्यासाठी उजवीकडे ट्रिम द्यावा लागला असता. येथे ट्रिम डावीकडे द्यावा लागला होता. मालकाच्या वहीत ही नोंद होती आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण तपासाची किल्ली त्या एका ओळीत होती.

तिसरे कारण उन्हाळ्यातल्या विरळ हवेचे होते आणि ते हिशेब करून पाहण्यासारखे आहे. समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर उंचीवरच्या या भागात जानेवारीच्या सकाळी १५ अंश तापमानाला हवेची घनता घनमीटरला साधारण १.१९ किलोग्रॅम असते. मे महिन्यात ४५ अंशांना ती १.०७ किलोग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे हवा सुमारे १० टक्के विरळ होते. पंखाची उचल घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे विमान ज्या वेगाला स्टॉल होते (म्हणजे पंखाची उचल एकाएकी ढासळते) तो वेग यामुळे साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. या विमानाच्या बाबतीत तो ताशी सुमारे २७ किलोमीटरवरून २८ किलोमीटरच्या पुढे गेला असणार. वळणावर ४५ अंश कललेले असताना त्यात आणखी १९ टक्के भर पडते. हिवाळ्यात डोळ्यांना सवय झालेला उतरण्याचा वेग उन्हाळ्यात अपुरा पडू शकतो, हे यावरून निश्चित होते आणि खानदेशात उडवणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे. तरीही विरळ हवेला डावे-उजवे कळत नाही. ती स्टॉल लवकर आणेल, पण दर वेळी डावाच पंख का पडतो, याचे उत्तर तिच्याकडे नाही.

सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, तपासला तेव्हा तो पुढच्या कडेपासून ७८ मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या ३४ टक्क्यांवर आढळला. आराखड्यात तो ६५ मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे २८ टक्क्यांवर होता. नाकातला ट्रे मोडल्यावर मालकाने बॅटरी तात्पुरती १० सेंटिमीटर मागे बसवली होती. १४०० ग्रॅमच्या विमानात १८० ग्रॅमची बॅटरी एवढी सरकली की सीजी १३ मिलिमीटर मागे जातो. शेपूट जड झालेले विमान एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या हलत्या भागाच्या) जराशा हालचालीनेही नाक झटकन वर घेते. दुसऱ्या अपघाताच्या उड्डाणात विमान जास्त उभे का चढले आणि पडताना इतके तडकाफडकी का पडले, याचा खुलासा यातून झाला. बाजूचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

ओट्यावरचे मोजमाप

पंख तपासण्यासाठी घरात खरोखर सपाट अशी एकच जागा असते आणि ती म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. लाकडी टेबल बहुधा कुठेतरी झोल खाल्लेले असते. पंखाचा डावा अर्धा भाग ओट्यावर टेकवून मुळाशी वाळूच्या पिशव्या ठेवल्या, त्यामुळे मुळाच्या रिबचा सपाट तळ ग्रॅनाइटला घट्ट बसला. मग मागची कड मुळापासून टोकापर्यंत टेकलेली आहे याची खात्री करून, मुळाच्या रिबशी आणि टोकाच्या रिबशी पुढच्या कडेची उंची स्टीलच्या पट्टीने मोजली. टोकाशी ती ७ मिलिमीटरने जास्त भरली. २३० मिलिमीटर रुंदीवर ७ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पावणेदोन अंशांचा पीळ होतो. उजवा अर्धा भाग याच पद्धतीने मोजला तेव्हा फरक १ मिलिमीटरच्या आत होता. पहिल्या अपघातात मोडलेला भाग टोकाच्या शेवटच्या दोन रिबपुरता होता आणि पीळ त्याच्या बराच आधीपासून सुरू होत होता. म्हणून तो दुरुस्तीतून आलेला नाही, हेही येथेच निश्चित झाले.

टोकाची पुढची कड मुळापेक्षा वर उचललेली असणे म्हणजे वॉशइन आणि ती खाली झुकलेली असणे म्हणजे वॉशआउट. ट्रेनर विमानात दोन्ही टोकांना थोडा वॉशआउट मुद्दाम ठेवतात, त्यामुळे स्टॉल मुळाकडून सुरू होतो आणि टोके शेवटपर्यंत हवा धरून ठेवतात. येथे डाव्या टोकाला नेमके उलट झाले होते.

आता दोन्ही लक्षणे एकाच दोषातून कशी निघतात ते पाहा. विमान वेगात असते तेव्हा संपूर्ण पंख हवेला लहान कोनात सामोरा असतो आणि स्टॉलपासून दूर असतो. अशा स्थितीत डावे टोक पावणेदोन अंश जास्त कोनात असल्यामुळे ते जास्त उचल देते. डावी बाजू वर जाते आणि विमान उजवीकडे कलते. ते थांबवण्यासाठी डावीकडे ट्रिम द्यावा लागतो. विमान संथ होते तेव्हा उंची राखण्यासाठी एलिव्हेटर ओढावा लागतो आणि संपूर्ण पंखाचा कोन वाढत जातो. या आकाराच्या विमानात स्टॉलच्या सुमाराला रेनॉल्ड्स अंक (पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून ठरणारा आकडा) अवघा १ लाखाच्या आसपास असतो आणि तेथे पंखाची सहनशक्ती मोठ्या विमानाच्या मानाने मुळातच कमी असते. जे टोक आधीच पावणेदोन अंश पुढे आहे, ते मर्यादा सर्वांत आधी ओलांडते. त्याची उचल एकदम नाहीशी होते आणि डावा पंख कोसळतो. वेगात जी बाजू जास्त उचलत होती, तीच बाजू संथपणात आधी हात टेकते.

येथे एक रास्त शंका घेतली जाईल. डावीकडच्या ट्रिममुळे डावा एलेरॉन वर राहतो आणि उजवा खाली, मग डाव्या टोकाचा वाढलेला कोन त्यानेच भरून निघायला नको का? एलेरॉन फक्त टोकाशी असते तर काही अंशी तसे झालेही असते. या विमानात मात्र ते संपूर्ण लांबीवर पसरलेले होते. त्यांची भरपाई मुळापासून टोकापर्यंत थोडी थोडी वाटली गेली, तर पीळ मुख्यतः टोकाकडच्या भागात एकवटलेला होता. दोन्ही बाजूंच्या एकूण उचलीचा मेळ बसला, म्हणून विमान सरळ उडाले. टोकाचा दोष जागेवरच राहिला.

अपघाताचा शेवटचा दुवा मालकाच्या बोटांत होता आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. डावा पंख पडला की काठी उजवीकडे जाते, ही प्रत्येक शिकणाऱ्याची सहज प्रवृत्ती असते. उजवीकडे एलेरॉन दिल्यावर डावा एलेरॉन खाली जातो आणि आधीच स्टॉल झालेल्या डाव्या टोकाचा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे हवेला सामोरे जाण्याचा कोन, आणखी वाढतो. टोकाला उचल परत मिळण्याऐवजी अडथळा वाढतो, पंख मागे खेचला जातो आणि गिरकी सुरू होते. अशा वेळी एलिव्हेटर सैल सोडून नाक खाली घेणे आणि दिशा रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) सावरणे, एवढेच कामाचे असते.

पीळ आला कुठून

हिवाळ्यात ट्रिम शून्यावर होता, म्हणजे पंख सरळच बांधला गेला होता. बदल मधल्या काळात झाला असणार, म्हणून मी मालकाला विमान कुठे आणि कसे ठेवले होते ते विचारले. घरात ते भिंतीवरच्या आडव्या खुंट्यांवर, दोन्ही पंखांना सारखा आधार मिळेल असे ठेवलेले असे. मग प्रवासाबद्दल विचारले. तो थोडा विचार करून म्हणाला, “काका, एप्रिलमध्ये चोपड्याला लग्नाला गेलो होतो, तेव्हा पंख गाडीतच होता. परत येताना उडवायचा विचार होता.”

पंख अखंड आणि दीड मीटर लांब. छोट्या गाडीत तो तिरपा ठेवावा लागला. उजवे टोक डिकीच्या कोपऱ्यात गेले आणि डावे टोक पुढच्या सीटची पाठ आणि दार यांच्या मधल्या फटीत अडकवले गेले. बंद काचांची गाडी मंगल कार्यालयाबाहेर भर दुपारी उभी राहिली आणि डाव्या पंखाची गडद निळी बाजू काचेकडे होती. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद गाडीत उन्हातली गडद वस्तू ७० अंशांच्या आसपास सहज तापते. अशा प्रकारच्या पॉलिएस्टर फिल्मला याच सुमाराला मऊपणा येऊ लागतो आणि तिच्या पाठीवरचा चिकट थरही सैलावतो.

फटीत अडकलेले टोक पिळलेल्या अवस्थेत होते. पिळलेल्या पंखावरची फिल्म एका कर्णावर ताणलेली आणि दुसऱ्या कर्णावर सैल असते. उष्णतेने सैल बाजू आकसली, ताणलेली बाजू सरकली, आणि संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर फिल्मने तो आकार कायमचा धरून ठेवला. मॉडेल बांधणारा पंख सरळ करताना तो हाताने उलट पिळून त्यावर हीट गन फिरवतो, तीच क्रिया येथे उन्हाने आणि सीटच्या फटीने मिळून पार पाडली होती. फिकट रंगाचा आणि मोकळा राहिलेला उजवा पंख यातून वाचला.

पूर्वी कव्हरिंगला पातळ कागद किंवा रेशीम आणि त्यावर डोप (ते ताणून धरणारे वार्निशसारखे द्रावण) वापरत, तेव्हाही पीळ हा नेहमीचा शत्रू होता, कारण डोप वर्षानुवर्षे आकसत राहते. फिल्म आल्याने काम स्वच्छ आणि जलद झाले. उष्णतेने आकसण्याचा जो गुण तिला उपयुक्त बनवतो, तोच गुण उन्हात तिच्यावर लक्ष ठेवायला भाग पाडतो.

दुरुस्ती

प्रथम सोपा उपाय करून पाहिला. डावे टोक उलट दिशेने, हवे त्यापेक्षा थोडे जास्त पिळून धरले आणि वरून व खालून हीट गनने फिल्म सावकाश तापवली. उष्णता काढल्यावर ती पूर्ण थंड होईपर्यंत पकड सोडली नाही. ओट्यावर मोजल्यावर फरक जवळजवळ शून्य झाला होता. नंतर पंख मुद्दाम एक दुपारभर गच्चीवर उन्हात, दोन्ही बाजूंना सारखा टेकू देऊन ठेवला. संध्याकाळी मोजला तेव्हा ३ मिलिमीटर पीळ परतला होता. ही चाचणी न करता कोणीही अशा पंखावर भरवसा ठेवू नये. सकाळच्या गारव्यात सरळ दिसणारा पंख दुपारी सरळ राहीलच असे नाही.

त्यामुळे सांगाड्यालाच हात घालावा लागला. दोष फिल्ममध्ये प्रकट झाला असला, तरी पिळाचा सगळा भार फिल्मवर सोडणे हे त्याचे मूळ होते. पुढची कड ते स्पार हा भाग वरून आणि खालून पातळ बाल्साने मढवला आणि दोन स्पारच्या मध्ये उभे जाळे भरले, की इंग्रजी डी अक्षरासारखी एक बंद नळी तयार होते. कागदाचा उघडा तुकडा दोन बोटांनी पिळता येतो, पण त्याचीच कडा चिकटवून नळी केली की तो पिळला जात नाही, तसाच फरक पंखात पडतो.

फिल्म काढताना ती वर ओढायची नसते. इस्त्रीने कड गरम करून फिल्म स्वतःवरच मागे दुमडत, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर सरकवत न्यायची, नाहीतर बाल्साचे तंतू तिच्यासोबत उपटून येतात. रिबच्या पुढच्या भागाची उंची मढवणीच्या जाडीएवढी, म्हणजे दीड मिलिमीटरने, लांब फळीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने घासून उतरवली. फळी लांब असली म्हणजे तीन-चार रिब एकाच वेळी घासल्या जातात आणि एखादी रिब खोल जात नाही. मढवणीसाठी दीड मिलिमीटरची मऊ बाल्सा शीट निवडली आणि तिची फक्त बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसली. ओली बाजू फुगते, शीट आपोआप आतल्या बाजूला वळते आणि पुढच्या कडेचा बाक जोर न लावता घेते. पाण्याचा पांढरा गोंद वापरला, कारण तो बसायला वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात जुळणी तपासता येते. झटपट गोंदाने येथे चूक झाली तर ती त्याच क्षणी कायमची होते. जाळ्याचे तुकडे बाल्साच्या रेषा उभ्या राहतील असेच कापले. रेषा आडव्या ठेवल्या तर ते तुकडे स्पारच्या दाबाखाली चिरडतात.

गोंद वाळताना पंख ज्या आकारात असतो, तोच आकार तो पुढे धरून ठेवतो. ही संधी साधून दोन्ही टोकांना मागच्या कडेखाली ५ मिलिमीटरची पट्टी ठेवली आणि वर वजने रचली. त्यामुळे दोन्ही बाजूंना सव्वा अंशाचा वॉशआउट कायमचा बसला. उजवा पंख निर्दोष असूनही त्याचेही सगळे काम याच रीतीने केले, कारण एका बाजूला मढवणी आणि दुसऱ्या बाजूला उघडा सांगाडा ठेवणे म्हणजे नवा असमतोल निर्माण करणे झाले असते.

या सगळ्याने वजन सुमारे ६० ग्रॅमने वाढले. दर चौरस डेसिमीटरचा भार ४० वरून ४२ ग्रॅमवर गेला आणि स्टॉलचा वेग जेमतेम २ टक्के वाढला. सरळ राहणाऱ्या पंखासाठी ही किंमत मला अजिबात जास्त वाटत नाही. हलकेपणाचा आग्रह आमच्या छंदात योग्यच मानला जातो, पण मे महिन्यातही विमान उडवायचे असेल तर पिळण्याविरुद्धची मजबुती त्याच्याही वर ठेवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या कव्हरिंगमध्ये वरची बाजू दोन्हीकडे पांढरी आणि पिवळी ठेवली. गडद निळा रंग टाकून दिला नाही. तो पंखांच्या खालच्या बाजूला रुंद पट्ट्यांच्या रूपात आला, डाव्या पंखाखाली दोन आणि उजव्याखाली एक. खाली ऊन थेट लागत नाही, आणि मे महिन्यातल्या धुरकट पांढऱ्या आकाशात खालून पाहताना गडद पट्टाच सर्वांत स्पष्ट दिसतो. फिल्म लावण्याआधी प्रत्येक रिबला टाचणीपेक्षा थोडे मोठे छिद्र पाडले. दोन रिबमधली कोंडलेली हवा उन्हात फुगते आणि फिल्म उचलते. छिद्रे असली की ती हवा मुळाकडून बाहेर पडते. नाकातला ट्रे नव्याने बसवून सीजी ६५ मिलिमीटरवर आणला आणि मोटरखालचे वॉशर आराखड्यात दाखवलेल्या मूळ कोनापुरतेच ठेवले.

चाचणी

दुरुस्त केलेला पंख पुन्हा एक दुपार गच्चीवर ठेवून मोजला. दोन्ही टोकांचा वॉशआउट ५ मिलिमीटरच भरला. त्यानंतरच विमान माळावर नेले आणि तेही सूर्य वर येण्याआधी. नऊ-दहानंतर नांगरलेली काळी जमीन तापते आणि शेतांवरून वावटळी फिरू लागतात, तेव्हा विमानाने दाखवलेले वागणे त्याचे स्वतःचे की हवेचे, हे सांगता येत नाही.

एलेरॉनचा ट्रिम शून्यावर ठेवून विमान साठ-सत्तर मीटर उंचीवर, वाऱ्याच्या तोंडाला नेले. थ्रॉटल बंद केले आणि एलिव्हेटर सावकाश ओढत नेला. विमान संथ होत गेले, शेपूट किंचित थरथरली आणि नाक सरळ पुढे झुकले. कोणताही पंख पडला नाही. एलिव्हेटर सोडताच ते वेग घेऊन सपाट झाले. हीच चाचणी हलके डावे आणि हलके उजवे वळण घेताना करून पाहिली. दोन्हीकडे विमान नाक खाली टाकून सरळ होऊ पाहत होते. वेगात हात सोडल्यावर ते कोणत्याही बाजूला कलले नाही. मालकाने मग त्याच उंचीवर मुद्दाम स्टॉल आणून, एलेरॉनला हात न लावता फक्त एलिव्हेटर आणि रडरने सावरण्याचा सराव केला.

गाडीसाठी त्याने थर्मोकोलचा एक साचा कापला आहे. त्यात पंख दोन्ही अर्ध्यांच्या मध्यावर टेकतो, टोके मोकळी राहतात आणि वरून पांढरी चादर येते. वहीत आता प्रत्येक उड्डाणाच्या दिवशीचे तापमान, सीजी आणि तिन्ही ट्रिमची जागा लिहिली जाते, आणि एखादा ट्रिम दोन टप्प्यांपेक्षा जास्त हलवावा लागला तर पुढच्या उड्डाणाआधी पंख ओट्यावर जातो. बाल्सा पावसाळ्यात ओलावा शोषते आणि दसऱ्यानंतर कोरडी पडते, त्यामुळे ऑगस्टमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा पंख मोजून दोन्ही टोकांचे आकडे दुरुस्तीनंतरच्या ५ मिलिमीटरच्या नोंदीशी पडताळून पाहायचे ठरले आहे.